कॅमेरामन पत्रकार असतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

"तुम्ही नुसतं शूट करता ना? बातमी तर रिपोर्टर देतो." न्यूज चॅनेलचा कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न गावोगावी ऐकावा लागतो. पत्रकारिता शिकणारी मुलं जरा आडवळणानं विचारतात, पण विचारतात तेच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. ते उत्तर म्हणजे नैरोबीचे टीव्ही कॅमेरामन मोहम्मद अमीन.

अमीन यांचा जन्म १९४३ चा. वडील पंजाबातले, रेल्वेच्या नोकरीमुळे पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेले. लहानपण आजच्या टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये गेलं. शाळकरी वयात एक जुना बॉक्स ब्राउनी कॅमेरा हाती आला आणि विशीतच, १९६३ साली, त्यांनी 'कॅमेरापिक्स' ही स्वतःची कंपनी काढली. लंडनहून विमानानं यायचं, चार दिवस शूट करायचं आणि परत जायचं, अशी परदेशी पत्रकारांची तेव्हा रीत होती. अमीन मात्र तिथलेच. टांझानियाच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर क्रांती झाली ती त्यांच्या अंगणात. १९६६ मध्ये त्याच झांझिबारमध्ये त्यांना तुरुंगात टाकलं, छळलं, जवळपास महिनाभर डांबून ठेवलं. टांझानियातून बाहेर काढल्यावर ते नैरोबीत आले आणि पुन्हा कामाला लागले.

५ जुलै १९६९ ला केनियाचे मंत्री टॉम म्बोया यांना नैरोबीत भर रस्त्यावर, औषधाच्या दुकानाबाहेर, गोळ्या घातल्या. अमीन धावत पोहोचले आणि म्बोयांना नेणाऱ्या रुग्णवाहिकेतही शूट करत राहिले. त्या चित्रणासाठी ब्रिटनमध्ये त्यांचा त्या वर्षीचा सर्वोत्तम टीव्ही कॅमेरामन म्हणून गौरव झाला. पुढे युगांडातून पळालेला हुकूमशहा इदी अमीन सौदी अरेबियात लपला, तेव्हा १९८० मध्ये बीबीसीचे ब्रायन बॅरन आणि मोहम्मद अमीन या दोघांनी त्याला जेद्दाहमध्ये गाठलं. पत्ता काढणं, ओळखी लावणं, परवानगी मिळवणं हे सगळं पत्रकाराचंच काम, आणि अमीन ते आयुष्यभर करत आले होते.

पण मला खरं बोलायचंय ते इथिओपियातल्या कोरेम गावाबद्दल.

१९८४ चा ऑक्टोबर. उत्तर इथिओपियात दुष्काळ होता, पण पाऊस न पडणं एवढंच त्याचं कारण नव्हतं. तिग्राई आणि एरिट्रियात बंडखोरांशी लढाई चालू होती, आणि मेंगिस्तूचं लष्करी सरकार तो भाग जगाच्या नजरेआड ठेवू पाहत होतं. तिकडे जायची परवानगी मिळणं महाकठीण. अमीन यांची राजधानी अदिस अबाबात वर्षानुवर्षांची ऊठबस होती, ती इथे कामी आली. बीबीसीचे मायकल बर्क सोबत होते. मेकेले आणि कोरेमला पोहोचल्यावर त्यांना दिसलं ते असं: पहाटेची कडाक्याची थंडी, उघड्या माळावर पांघरुणात गुंडाळलेली हजारो माणसं, आणि त्यांच्यातच रात्रीत गेलेल्यांची प्रेतं.

२३ ऑक्टोबरला बीबीसीवर तो रिपोर्ट लागला. सात मिनिटांच्या आसपासचा. बातम्यांत तेवढा वेळ म्हणजे फार झाला. बर्क यांची संहिता उत्तमच आहे, पण मी मुलांना तो रिपोर्ट आधी आवाज बंद करून बघायला लावतो. कॅमेरा माळावरून सावकाश फिरतो. घाई नाही, झूमचा खेळ नाही. मग तो एकेका चेहऱ्यापाशी जातो आणि थांबतो. शूट करणाऱ्याला ठाऊक असतं की अशा वेळी माणूस काढता पाय घ्यायला बघतो, शॉट लवकर तोडावासा वाटतो. अमीन यांनी तो तोडला नाही. आईच्या कुशीतलं मूल, प्रेत गुंडाळणारे हात, हे सगळं पुरेसा वेळ पडद्यावर राहतं, म्हणून बघणाऱ्याला नजर वळवता येत नाही. कुठे उभं राहायचं आणि किती वेळ, हा निर्णय बातमीचाच असतो.

ती दृश्यं मग जगभरच्या शेकडो वाहिन्यांनी दाखवली. आयर्लंडचे गायक बॉब गेल्डॉफ यांनी ती पाहिली. त्यातून दुष्काळग्रस्तांसाठी पैसा उभा करणारं 'बँड एड' या गायकांच्या गटाचं गाणं आलं आणि १३ जुलै १९८५ ला लंडन आणि फिलाडेल्फियात 'लाइव्ह एड' ही मदतीसाठीची मैफल झाली. या कहाणीत लोकांना गेल्डॉफ आठवतात, बर्क आठवतात. अमीन यांचं नाव सांगावं लागतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या चित्रणावर टीकाही झाली: आफ्रिका म्हणजे भुकेनं खंगलेली, हात पसरणारी माणसं, ही प्रतिमा त्यातून पक्की झाली, आणि दुष्काळामागचं युद्ध नि राजकारण बाजूला राहिलं. टीकेत तथ्य आहे. पण तो दोष मी कोरेमच्या माळावर उभ्या असलेल्या माणसावर टाकणार नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं तीच चौकट गिरवत राहिलेल्या सगळ्यांचा तो आहे.

जून १९९१ मध्ये अदिस अबाबात दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला. शूटिंग चालू होतं. अमीन यांचा डावा हात गेला. सोबतचे केनियन साउंडमन जॉन मथाई जागीच ठार झाले. कॅमेरामनला निदान अधूनमधून कुणी विचारतं, साउंडमनला तेही नाही, म्हणून मथाईंचं नाव मी आवर्जून घेतो. काही महिन्यांतच अमीन कृत्रिम हात लावून पुन्हा कॅमेरा चालवू लागले.

२३ नोव्हेंबर १९९६. अदिसहून नैरोबीला निघालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं विमान तिघांनी पळवलं. ऑस्ट्रेलियाला न्या म्हणाले. तेवढं इंधन नव्हतं. हिंदी महासागरातल्या कोमोरोस बेटांच्या किनाऱ्याजवळ विमान समुद्रात कोसळलं आणि १७५ पैकी १२५ जण गेले. त्यात ५३ वर्षांचे अमीनही होते. शेवटच्या मिनिटांत ते जागेवरून उठून अपहरणकर्त्यांशी हुज्जत घालत होते, असं वाचलेल्यांनी सांगितलं.

कॅमेरापिक्स पुढे मुलानं, सलीम अमीन यांनी, सांभाळलं. वडिलांच्या नावे नैरोबीत टीव्ही पत्रकारितेचं प्रशिक्षणही सुरू केलं. आफ्रिकेतल्या मुलांना तिथे कॅमेरा आणि बातमी एकत्रच शिकवली गेली.