दोन फायलींतला फरक वाचताना: माझा अनुभव

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पुस्तकांची कामं करणाऱ्यांकडे एकाच पुस्तकाच्या दोन फायली हमखास असतात. एक अक्षरजुळणीची, दुसरी मुद्रितशोधनातून परत आलेली. दोन्ही साध्या मजकुराच्या असतील तर डिफ ही कमांड त्यांतला फरक क्षणात काढून देते. वेळ जातो तो तिचा अहवाल वाचण्यात, आणि माझ्या रोजच्या कामाचा बराच भाग तोच आहे.

पहिली फाईल दुसरीसारखी करायची तर काय काढायचं आणि काय घालायचं, एवढंच हा अहवाल सांगतो. म्हणून जुनी फाईल आधी द्यायची, नवी नंतर. क्रम उलटला तर मुद्रितशोधकानं घातलेला शब्द काढलेला दिसतो, आणि वाचताना शंकाही येत नाही. मी कमांडला यू (-u) हा पर्याय जोडते. त्यात माथ्यावरच तीन उणे चिन्हांपुढे जुन्या फाईलचं नाव येतं आणि तीन अधिक चिन्हांपुढे नव्या. ते आधी बघून घ्यावं. मग अशी ओळ येते:

@@ -४०,७ +४०,८ @@

जुन्या फाईलमध्ये ४० व्या ओळीपासून ७ ओळी, नव्या फाईलमध्ये ४० पासूनच ८. यांतल्या वरच्या ३ आणि खालच्या ३ नुसत्या संदर्भासाठी असतात, त्यांच्या आरंभी मोकळी जागा असते. ७ मधून ६ वजा केल्या की उणे चिन्हाची १ उरते, ८ मधून ६ वजा केल्या की अधिक चिन्हाच्या २. म्हणजे ४३ वी ओळ गेली आणि तिच्या जागी दोन आल्या. पर्याय न देता चालवलेला डिफ हेच ४३सी४३,४४ असं लिहितो. तिथे सी म्हणजे बदल, ए म्हणजे भर, डी म्हणजे वगळ.

सगळं पुस्तकच बदललेलं दिसलं तर घाबरू नये. विंडोजवर ओळ सीआर आणि एलएफ अशा दोन अदृश्य खुणांनी संपते, लिनक्सवर फक्त एलएफनं. ओळींचे शेवट लिनक्सच्या पद्धतीचे करणारं डॉसटूयुनिक्स दोन्ही फायलींवर चालवलं की हा गोंधळ मिटतो. फक्त पहिलीच ओळ विनाकारण वेगळी दिसत असेल तर बहुधा एका फाईलच्या आरंभी बीओएम या अदृश्य खुणेचे ३ बाइट असतात.

मराठीत खरा त्रास पुढे आहे. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रणालीतला ०९३१ क्रमांकाचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा (न दिसणारा) जोडक घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट मात्र वेगळे. ‘ॲ’चंही तसंच, एकसंध अक्षर किंवा अ वर वेगळा चंद्र. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरणही या दोन्ही जोड्या एक करत नाही. त्यामुळे तुलनेआधी दोन्ही फायलींवर शोधा-आणि-बदला चालवून एकच रूप ठरवावं लागतं. हे न केलेला अहवाल मी वाचायलाच घेत नाही.

मोकळ्या जागा दुर्लक्षित करणारे पर्याय जपून वापरावेत. बी (-b) फक्त जागांची संख्या आणि ओळीच्या शेवटची जागा सोडून देतो. डब्ल्यू (-w) सगळ्याच जागा सोडतो, म्हणजे ‘त्या मुळे’ आणि ‘त्यामुळे’ त्याला एकच. मुद्रितशोधकानं नेमकं तेच सुधारलेलं असतं!

आपल्याकडे परिच्छेद बहुधा एकाच लांब ओळीत असतो. एक अनुस्वार बदलला तरी अख्खा परिच्छेद उणे, अख्खा अधिक. अशा वेळी गिट या फायलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीतला वर्ड-डिफ वापरावा, फरक शब्दापर्यंत खाली येतो. किंवा दोन्ही फायलींत पूर्णविरामानंतर ओळ तोडावी. ‘डॉ.’ नंतरही ती तुटेल, पण दोन्हीकडे सारखीच तुटते.

डिफला दोन फायलींमधली समान ओळींची सर्वांत लांब, क्रम न मोडणारी मालिका शोधायची असते. हंट आणि मॅक्इलरॉय यांचा बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेतला १९७६ चा निबंध याच पद्धतीचा आहे. कोणी काय केलं हे डिफला ठाऊक नसतं. परिच्छेद खालून वर नेला तर तो एकीकडे काढलेला आणि दुसरीकडे घातलेला दिसतो. अभंगसंग्रहात ध्रुवपद पुन्हापुन्हा येतं, तिथे एका अभंगाचं ध्रुवपद दुसऱ्याशी जुळतं आणि मधल्या ओळींचा खिचडा होतो. गिटचा पेशन्स पर्याय दोन्हीकडे एकदाच येणाऱ्या ओळींना आधार धरतो, अशा मजकुराला तोच घ्यावा.

अक्षरजुळणीकाराला दुरुस्त्या हातानं करायच्या असतील तर त्याला उणे बाजूचे ओळ क्रमांक द्यावेत, कारण फाईल त्याच्याकडे जुनी आहे. आणि यादी शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे लावून द्यावी, म्हणजे खाली घातलेल्या ओळींनी वरचे क्रमांक सरकत नाहीत.