डीएमएसमध्ये 'मिरज' सापडेना : माझा अनुभव

आमची सहकारी संस्था सांगलीतली, शाखा पार जत-विट्यापर्यंत. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली (धोक्याची पातळी 45), आमच्या तळमजल्यावरच्या दप्तराचा लगदा झाला आणि मग संचालक मंडळानं डीएमएसला (कागदपत्रं संगणकात साठवून शोधायची प्रणाली) पटकन मंजुरी दिली. टेंडर, स्कॅनिंग, ट्रेनिंग सगळं सुरळीत झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

घोडं अडलं ते सर्चला. जुने ठराव, परिपत्रकं सगळं वर्डमध्ये टाइप केलेलं, अपलोड झालं, उघडलं की मराठी झकास दिसतंय, पण सर्चमध्ये 'कर्ज' टाका, निकाल शून्य. पतपुरवठा करणाऱ्या संस्थेत कर्ज सापडेना! सपोर्टला फोन केला तर तिकीट (म्हणजे ऑनलाइन तक्रार) टाका म्हणाले, टाकलं तर 'इंग्लिश सर्च व्यवस्थित चालू आहे' असं लिहून बंद केलं. परत उघडलं, परत बंद. अहो आमचा एक ठराव इंग्लिशमध्ये नाही, काय शोधू त्यात?

भानगड फॉन्टची होती. श्रीलिपी, आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फायलीत आत मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. तोच मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा, लगेच कळेल. (हे डेमोच्या वेळीच करा, आणि फाइल तुमची द्या, त्यांची नको.)

मग व्हेंडरनं जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) बदलणारा कुठलातरी कन्व्हर्टर चालवला आणि नवीनच तमाशा. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं. क्रम न फिरवता नुसते कोड बदलले की 'मिरज'चं 'िमरज' होतं आणि 'कर्ज'चं 'कजर्'. स्क्रीनशॉट पाठवले तर उत्तर काय, 'कृपया मराठी फॉन्ट इन्स्टॉल करा'. डोकं फिरलं माझं. शेवटी आमच्या मॅनेजर साहेबांनी बिलाचा हप्ता अडवला, मग मात्र एक मराठी येणारा डेव्हलपर फोनवर आला, मी वेलांटी-रफारवाल्या शब्दांची यादी दिली आणि त्या पोरानं ते चटकन सुधारलं सुद्धा. म्हणजे जमत होतं, करायचं नव्हतं. हप्ता अडवता येईल असं कलम करारात आधीच घालून घ्या, तिकिटांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

अजून एक आठवलं, 'शेतकऱ्यांना' हा शब्द. यातला र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो, दिसायला एकसारखा, पण सर्चला ते दोन वेगळे शब्द. दोन्ही एकच धरा असं सांगून सेटिंग करून घ्या, नाहीतर निम्मी परिपत्रकं गायब. आणि फाइलच्या नावात तारीख वर्षापासून लिहा, 2019-08-05 अशी, म्हणजे आपोआप ओळीनं लागतात. कागद मात्र लगेच रद्दीत घालू नका, कायम जतन करायचं दप्तर आम्ही आता वरच्या मजल्यावर नेलंय.

जत शाखेच्या फायली अजून राहिल्यात, तिथल्या टायपिस्टनं तिसराच फॉन्ट वापरलाय. तिकीट टाकलंय.