गोमींच्या घरात झोपता कसे? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्याकडे मुक्कामाला आलेलं माणूस हा प्रश्न विचारल्याशिवाय परत जात नाही. "एवढाल्या गोमी निघतात घरात, आणि तुम्ही इथं झोपता कसे?" त्यापाठोपाठ दुसरा, जरा दटावणीच्या सुरातला: "एकदा चांगली फवारणी करून सगळ्या संपवून का टाकत नाही?" निघायच्या घाईत असलेल्या माणसाला याचं उत्तर देणं जमत नाही, म्हणून मी "सवय झालीय" म्हणून सुटका करून घेतो. ते अर्धंच खरं आहे. गोमींची सवय कुणालाच होत नाही. सवय होते ती हात कुठं घालायचा आणि कुठं नाही याची.

गोम आपल्या मागावर घरात येत नाही. ती येते ओलीच्या मागावर. इतर किड्यांच्या अंगावर पाणी धरून ठेवणारा मेणचट थर असतो, तो हिच्या अंगावर नसल्यात जमा. शिवाय कुशीवरची श्वास घेण्याची छिद्रं तिला नीट मिटता येत नाहीत. त्यामुळे अंगातलं पाणी सतत उडत राहतं आणि कोरड्या, उघड्या जागी तिचा निभाव लागत नाही. म्हणून ती हिंडते रात्री आणि दिवस काढते फटीत. फटही कशी, तर पाठ आणि पोट दोन्ही कशाला तरी टेकतील अशी. हे एकदा कळलं की गोम कुठं सापडेल ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. न्हाणीतलं ओलं पायपुसणं, जमिनीवर पडलेला टॉवेल, दाराबाहेरचे बूट, कुंडीचं बूड, भिंतीला लावून रचलेली लाकडं, पुठ्ठ्याची दमट खोकी.

उष्ण प्रदेशात वर्षातून दोनदा तिची आणि आपली गाठ हमखास पडते. पहिले मोठे पाऊस कोसळले की बिळांत आणि दगडांखाली पाणी भरतं आणि ती उंच, सुक्या जागेकडे धाव घेते. आपला उंबरठा नेमका तसा असतो. पुढे कडक उन्हाळ्यात उलटं होतं. बाहेरची माती तडकते, मग मोरी आणि न्हाणीघर हीच काय ती ओल उरते. याच्या जोडीला घरात झुरळं असतील तर बघायलाच नको. झुरळं, रातकिडे, कोळी हे तिचं रोजचं खाणं. मोठी गोम पाल किंवा उंदराचं पिल्लूही सोडत नाही.

मोठी म्हणजे किती, हे विचारताना पाहुणे दोन हात लांब करून दाखवतात. तेवढी नसते. जगभरच्या उष्ण कटिबंधात घरांच्या आसपास दिसणाऱ्या थोराड गोमी बहुतेक करून स्कोलोपेंड्रा या वंशातल्या. त्यातली मॉर्सिटन्स नावाची जात तर जवळजवळ साऱ्या उष्ण प्रदेशांत पसरलेली आहे. सबस्पिनिपिस ही आशियातून बेटाबेटांवर पोचलेली, वीसेक सेंटिमीटरपर्यंत वाढणारी. दक्षिण अमेरिकेतली जायगँटिया तीस सेंटिमीटरच्या घरात जाते. व्हेनेझुएलातल्या एका गुहेत ती छताला लटकून वटवाघळं पकडून खाते, असं निरीक्षण २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. हे मी पाहुण्यांना शक्यतो जेवणानंतर सांगतो. पाय म्हणाल तर या वंशात २१ जोड्या, म्हणजे ४२. शंभर नव्हेत. एखादा पाय मोडला तरी गोम लंगडी होत नाही ही म्हण मात्र शब्दशः खरी आहे: संकटात ती पाय तोडून देते आणि पुढं कात टाकताना तो पुन्हा फुटतो.

लांबच लांब केसासारखे पाय असलेली, भिंतीवरून सरसर पळणारी जी नाजूक गोम दिसते, ती वेगळी. तिच्या पायांच्या १५ जोड्या असतात आणि माणसाला तिचा उपद्रव नगण्य. आणि शिवलं की पैशासारखा गोल होऊन पडतो तो वाणी तर गोमच नव्हे. त्याला डसता येत नाही. फार तर अंगातून झोंबणारा रस सोडतो, तेव्हा त्याला हाताळून डोळे चोळू नयेत इतकंच.

आता खरा विषय. दुखतं किती?

खूप. त्यात लपवण्यासारखं काही नाही. दोरीवरून काढलेल्या कपड्यांत दडलेली गोम मला बोटाला डसली होती. पहिल्या क्षणी सुई टोचल्यासारखं वाटतं आणि पुढच्या क्षणी त्याच जागी निखारा ठेवलाय असं वाटायला लागतं. बोट लाल, मग सुजून टम्म, कळ मनगटापर्यंत. तो निखारा निव्वळ भास नसतो. लालडोक्या गोमेच्या विषातला एक रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला, म्हणजे खबर टिपणाऱ्या रेणूला, जाऊन चिकटतो, तोच ग्राहक भाजल्याची आणि मिरचीच्या तिखटाची खबर मेंदूला देतो. हे २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवलं. म्हणजे त्वचा भाजलेली नसते, पण मेंदूला मिळणारा निरोप भाजल्याचाच असतो. विषात एवढंच नसतं. याच गोमेच्या विषातला दुसरा एक घटक पेशींतून पोटॅशियम ये-जा करतं त्या मार्गिका बंद करून सावजाचं हृदय आणि श्वास मोडतो, हे २०१८ मध्ये समोर आलं. आपल्याहून पंधरापट वजनाचा उंदीर ती अर्ध्या मिनिटात लोळवते तो त्याच्याच जोरावर. माणसाच्या आकारापुढे तेवढी मात्रा कमी पडते, म्हणून आपण दुखण्यावर निभावतो.

एक तपशील मला फार आवडतो. डसणं म्हणतो ते ती तोंडानं करत नाही. डोक्यामागच्या पायांच्या पहिल्या जोडीचेच नांगे झालेत आणि विषाची पिशवी त्यांतच असते. शेपटीकडचे दोन लांब पाय बघून लोक घाबरतात, पण ते धरून ठेवायला आणि चाचपायला. विष पुढच्या टोकाला. कुठलं टोक पुढचं हे पळत्या गोमेकडे बघून कळत नाही, आणि तसं ते कळू नये हाच बहुधा त्या पायांचा उपयोग.

डसल्यावर काय करायचं याबद्दल प्रत्येक घरी एक गुप्त औषध असतं. आमच्या घरी साबण, पाणी आणि बर्फ. जखम धुवायची, त्या हातातल्या अंगठ्या आणि बांगड्या सूज चढायच्या आत काढायच्या, फडक्यात बर्फ गुंडाळून शेकायचं, नेहमीची चालणारी वेदनाशामक गोळी घ्यायची. काही जण सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायला सांगतात, तेही खोटं नाही. तैवानच्या डॉक्टरांनी बर्फ, गरम पाणी आणि वेदनाशामक इंजेक्शन यांची तुलना करून २००९ मध्ये मांडली, त्यात तिन्हींनी कळ कमी झाली होती. माझा कौल बर्फाला, कारण कळवळणाऱ्या माणसाला पाणी किती गरम आहे याचं भान राहत नाही आणि विषावर भाजल्याची भर पडते. जखम कापणं, चोखणं, वर आवळून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते आठवायचं. बहुतेकांची कळ काही तासांत उतरते, सूज एकदोन दिवस राहते, कधीकधी नंतर खाज सुटते.

पण अंगभर पित्त उठलं, ओठ किंवा चेहरा सुजला, छाती भरून आली, चक्कर आली, तर बर्फ टाकून द्यायचा आणि तडक दवाखाना. लहान मूल, गरोदर बाई, हृदयाचा आजार असलेलं माणूस असेल तर लक्षणांची वाट न बघता. गोमेच्या विषानं मृत्यू फारच क्वचित झालेत, पण ते ज्यांचे झाले त्यांत लहान मूलही आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट पाहुणे कधी विचारत नाहीत, म्हणून मीच सांगतो. गोमेच्या डंखाला शेजारी शेजारी दोन ठिपके उमटतात. अंधारात काहीतरी चावलं, काय ते दिसलं नाही आणि दोन ठिपके आहेत, तर "गोमच असेल" म्हणून पुन्हा आडवं व्हायचं नाही. गोमेचा डंख लगेच ठणकतो हे खरं, पण मण्यारीसारख्या सापाचा दंश जवळजवळ दुखतच नाही आणि जीव घेतो. चावणारा प्राणी डोळ्यांनी दिसला नसेल तर साप धरूनच चालायचं आणि रुग्णालय गाठायचं. इथं अंदाज बांधायला वाव नाही.

आता फवारणी. फवारणीतली खरी गोम अशी की ती गोमेवर फारशी चालतच नाही. गोम बाहेरच्या मातीतून येते, तुम्ही फवारता घरात. आजची मेली तरी पाचोळ्यातली दुसरी आठ दिवसांनी त्याच फटीतून आत येते. थेट अंगावर मारलं तरी ती जागच्या जागी पडत नाही. आधी पिसाटल्यासारखी धावते, आणि ते धावणं नेमकं पलंगाखाली. झुरळांचा बंदोबस्त करा, गोमी कमी होतील, यावर माझा कोणत्याही फवाऱ्यापेक्षा जास्त भरवसा आहे. त्यासाठी भांडी रात्री घासलेली, खरकटं झाकलेलं आणि मोरी कोरडी एवढं पुरतं. हळदीची रेघ, मीठ, कापूर यांचे प्रयोग ज्यांना करायचेत त्यांनी करावेत. दमट रात्री गोम ती रेघ ओलांडून जाते.

आमचं खरं काम फटींवर चालतं. दाराखाली रबराची पट्टी, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी, नळाभोवतीच्या भोकात सिमेंट. भिंतीलगत हातभर पट्टा मोकळा: तिथं कुंडी नाही, लाकूड नाही, पाला नाही. पलंग भिंतीपासून सुटा, चादर जमिनीला टेकणार नाही अशी, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. मच्छरदाणीबद्दल मी हट्टी आहे. डास येवोत न येवोत, ती हवीच, कारण जागेपणी गोम दिसते आणि बाजूला होता येतं. झोपेत आपण तिच्यावर कूस बदलतो आणि ती बिचारी अंगावर आलेल्या डोंगराला डसते.

बाकी सगळं हाताच्या वळणात जातं. बूट उलटे करून आपटायचे. टॉवेल झटकायचा. लाकूड उचलण्याआधी काठीनं ढकलायचं. रात्री न्हाणीत जायचं तर आधी दिवा, मग पाय. मुलांना हे शिकवायला वेळ लागत नाही, मोठ्यांना लागतो. आणि गोम कानात शिरून मेंदूत जाते ही गोष्ट मुलांना कृपा करून सांगू नका. बोटाएवढी गोम कानात मावत नाही, आणि कानातून मेंदूत जायला वाट नसते. कानात एखादा बारीक किडा गेलाच तर पिन, काडी न घालता डॉक्टरकडे जायचं, विषय संपला.

समोर आली तर? आमच्याकडे एक रुंद तोंडाची काचेची बरणी आणि जाड पुठ्ठा याच कामासाठी ठेवलाय. मोठ्या गोमेला गुळगुळीत काचेवर चढता येत नाही. बरणी वरून पालथी घालायची, पुठ्ठा खालून सरकवायचा, पाय आणि हात लांब. मग घरापासून दूर, जिथं पाचोळा असेल तिथं सोडायची. "परत येत नाही का?" येतही असेल. तिच्यावर खूण करून ठेवलेली नाही. पण बागेतली झुरळं आणि किडे खाणारं कुणीतरी हवंच. एकदा दगडाखाली अंड्यांभोवती वेटोळं घालून पडलेली दिसली की मनातलं गणित थोडं बदलतं. ती आठवडेच्या आठवडे उपाशी राहून अंडी चाटत बसते, त्यांना बुरशी लागू नये म्हणून. मग पांढुरक्या पिल्लांनाही तशीच कवेत घेऊन. त्रास दिला तर मात्र तीच अंडी खाऊन टाकते. तसा दगड दिसला तर जसा होता तसा ठेवतो.

याचा अर्थ मी कधीच मारत नाही, असा नाही. बाळाच्या अंथरुणाशी सापडली तर बरणी शोधत बसत नाही. जाड तळाची चप्पल घेतो आणि डोक्यावर मारतो, मधे नाही, कारण दोन तुकडे झाले तरी पुढचा तुकडा डसू शकतो. नंतर केरभरणीत घेऊन बाहेर. मेलेली दिसली तरी हातानं उचलायची नाही.