आधी समेट, मग अर्पण

आज चर्चच्या उपासनेत बायबलमधल्या १ शमुवेलचा १५ वा अध्याय वाचला गेला आणि दुपारभर तोच डोक्यात आहे. अमालेकी लोकांचा गुराढोरांसकट समूळ नाश कर, अशी इस्राएलचा राजा शौल याला देवाची आज्ञा होती. ती त्याने सरळ धुडकावली नव्हती. लढाई केली, जिंकलीही. फक्त त्यांच्या अगाग राजाला जिवंत ठेवलं, चांगली चांगली गुरंमेंढरं राखली आणि वर कारण भक्तीचं दिलं: परमेश्वराला यज्ञ करायला! आपला आज्ञाभंगही बहुतेक वेळा असाच सोवळ्यातला असतो.

समेटाचंच घ्या. मत्तय ५:२३-२४ मधला क्रम स्पष्ट आहे. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, की अर्पण वेदीपाशीच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा, मग येऊन अर्पण वाहायचं. अपराध त्याचा असेल तर मत्तय १८:१५-१७: प्रथम दोघांनीच एकांतात बोलायचं, ऐकलं नाही तर आणखी एक-दोघांना सोबत न्यायचं, तरीही नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांना, सांगायचं. आपण नेमके शेवटाकडून सुरू करतो. 'प्रार्थनेचा विषय' म्हणून नावासकट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. मग एकांतात बोलायला उरतं काय?

पैशाचा मामला असेल तर नुसतं 'सॉरी' पुरत नाही. लेवीय ६:५ प्रमाणे मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा, म्हणजे हजाराचे बाराशे, आणि तेही दोषार्पणाच्याच, म्हणजे अपराधाबद्दल देवाला अर्पण वाहायच्या, दिवशी मालकाच्या हातात. जकातदार जक्कयाने तर चौपट कबूल केलं (लूक १९:८). पाचवा हिस्सा आज सक्तीचा नाही, असं कुणी म्हणेल, मान्य. पण शेजाऱ्याची उधारी दशांशाच्या, म्हणजे चर्चला द्यायच्या कमाईच्या दहाव्या हिश्श्याच्या, पाकिटातून फिटत नाही.