माणच्या शाळेतलं जलचक्र

चौथीला जलचक्र शिकवायचं म्हणजे फळ्यावर समुद्र, डोंगर, ढग आणि गोल फिरणारे बाण. मुलं ते चित्र हुबेहूब काढतात, बाष्पीभवन-सांद्रीभवन घडाघडा म्हणतात, आणि दोरीवरच्या ओल्या कपड्यातलं पाणी कुठं गेलं विचारलं की गप्प. आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातली. बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेलाच नाही. म्हणून यंदा बाणांना सुट्टी दिली.

झिपच्या पारदर्शक पिशवीत थोडं पाणी घेतलं, त्यात निळी शाई टाकली आणि पिशवी उन्हाच्या खिडकीला चिकटवली. बाहेरून मुलांनी मार्करनं सूर्य-ढग काढले (ती हौस भागवल्याशिवाय पुढं सरकता येत नाही). दुपारी पिशवीत आतून थेंब धरले. थेंब निळे असणार यावर वर्गात पैजा लागल्या होत्या, आणि निघाले ते स्वच्छ. "बाई, शाई कुठं गेली?" शाई खालीच होती, वर गेलं ते नुसतं पाणी. मग ताटलीत मिठाचं पाणी उन्हात ठेवलं. पाणी उडालं, तळाशी पांढरा थर राहिला. पृथ्वीवरचं सुमारे ९७ टक्के पाणी खारट असून पाऊस खारट का नाही, हे मग मुलांनीच मला सांगितलं.

कडुलिंबाच्या फांदीला पिशवी बांधून पानांतून निघणारं पाणीही पाहिलं. ते पटकन उरकलं, कारण सगळ्यांचं लक्ष नाटकाकडं लागलेलं.

नाटकात अरबी समुद्र, ढग, सह्याद्री, महाबळेश्वर आणि आमचं माण. जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि माणला जेमतेम ५००. ढगांच्या झोळीत कागदाचे कपटे. सह्याद्रीला थटून वर चढताना त्यांनी बहुतेक कपटे महाबळेश्वरावर उधळले. माण झालेला पोरगा चिडला, "आमाला बी ठेवा की रं!" पर्जन्यछाया म्हणजे काय ते वेगळं समजवायची गरजच उरली नाही.

एका मुलीनं मात्र हट्टच धरला, "आमच्या रानात तर गणपतीनंतरच चांगला पाऊस हुतो, त्यो कुठनं येतो?" बरोबर होतं तिचं. परतीच्या पावसाचा आणखी एक प्रवेश बसवावा लागला. त्यातले ढग बंगालच्या उपसागराकडून, म्हणजे वर्गाच्या दारातून आले. पश्चिमेच्या भिंतीशी सह्याद्री अजून हात पसरून उभा होता आणि जागा सोडायला तयार नव्हता.