दुधाची पिशवी

बुधवार, रात्री साडेदहा

आज सकाळी व्याही आणि विहीणबाई बाहेर चहासाठी बसलेले असताना मी नेहमीप्रमाणे दुधाची पिशवी विसळत होते आणि धाकटा हसत म्हणाला, "आई, जाऊ दे ना ती पिशवी. असं किती वाचतं त्यातून?" तो टाकून बोलला नाही, हे मला कळते. विहीणबाईही सहजच हसल्या. तरीही ते 'किती' दिवसभर मनातून गेले नाही.

पिशवी विसळण्याची माझी रीत चाळीस वर्षांची आहे. कात्रीने कोपरा कापताना तो पुरता तोडायचा नाही, तुकडा पिशवीलाच लोंबता ठेवायचा, कारण तो सुटा झाला की कचऱ्यात जातो आणि कोणताही भंगारवाला तो वेचत बसत नाही. मग पिशवीत दोन घोट पाणी घालून, कोपरे चोळून, ते पांढुरके पाणी चहाच्या आधणात ओतायचे आणि पिशवी खिडकीच्या गजाला वाळत घालायची. पहिल्या आठवड्यातच पगार संपायचा त्या दिवसांत हे अंगवळणी पडले. तेव्हा हे मला म्हणायचे... ते आज लिहवत नाही.

दुपारी पडल्या पडल्या वाटत राहिले की, ज्या हातांनी या घरावर कधी उसनवारीची वेळ येऊ दिली नाही, त्याच हातांची सवय आता चारचौघांत झाकून ठेवण्याजोगी झाली आहे. डोळे भरून आले. शेवटी उठले आणि त्याच्या 'किती'चे उत्तर काढायचेच, असे ठरवले.

संध्याकाळच्या पिशवीतले उरलेसुरले दूध चहाच्या चमच्यात निथळून घेतले. जेमतेम अर्धा चमचा भरला, म्हणजे अडीच मिलिलिटर. दिवसाला दोन पिशव्या, तर महिन्याला 150 मिलिलिटर. लिटरला 60 रुपये धरले तर नऊ रुपये. हिशेब दोनदा करून पाहिला. इतक्या वर्षांचा माझा अभिमान महिन्याला नऊ रुपयांचा निघाला, याचे वाईट सकाळच्यापेक्षाही जास्त वाटले.

वही उघडलीच होती म्हणून पुढे मांडत गेले. तूरडाळ अर्धा तास भिजवते, डाळ, भात आणि बटाटे एकाच कुकरमध्ये लावते आणि पहिली शिटी झाली की आच मंद करते, कारण त्यानंतर मोठ्या आचेने आतले पाणी अधिक तापत नाही, नुसती वाफ वाया जाते. 14.2 किलोचा सिलिंडर पूर्वी 40 दिवस जायचा, तो आता 50 दिवसांच्या पुढे जातो. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाहून जाणारे पाणी बादलीत धरते आणि त्यात लादी पुसून होते; त्याचे पैसे वाचत नाहीत, पण एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर येऊ लागले की त्या बादलीची किंमत मला कोणी सांगावी लागत नाही.

मग पंख्यांवर आले. ते मी बदललेले नाहीत. गेल्या दिवाळीत धाकट्यानेच तीन जुने पंखे काढून बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटारीचे, पंखे बसवले आणि महाग म्हणून मीच कुरकुरले होते. जुना पंखा 75 वॅटचा, नवा 30 वॅटचा. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात, तिन्ही मिळून 48. शिवाय 100 युनिटांच्या पुढे दर चढा लागतो आणि आमचे हे युनिट त्या चढ्या दरातलेच होते. माझ्या पिशव्यांतून वर्षभरात जेवढे वाचते, त्याहून अधिक त्याचे पंखे एका महिन्यात वाचवतात. त्याने हे एकदाही बोलून दाखवले नाही.

सकाळचे त्याचे 'किती' कदाचित खरोखरच आकडा विचारणारे असेल. ते पाणी चहात घालणे मी सोडेन. त्या नऊ रुपयांवर आता माझा जीव अडकलेला नाही. पिशवी धुऊन वाळवणे मात्र सोडणार नाही, कारण न धुतलेल्या पिशवीला दुसऱ्या दिवशी वास येतो आणि मग ती कोणीच घेत नाही.

वही जेवणाच्या टेबलावर ठेवली आहे. माझ्या खोलीतला चौथा पंखा मी हट्टाने जुनाच राहू दिला होता. तो कधी बदलायचा, हे उद्या त्याला विचारायचे आहे.