बाळ झालं तरी दहावी देता येते
कापूस वेचणीत मुलीची शाळा सुटते, उन्हाळ्यात अल्पवयातच तिचं लग्न लागतं. कुणकुण लागताच चाइल्डलाइनच्या १०९८ नंबरवर कळवा. गावपातळीवर ग्रामसेवकच (आता ग्रामपंचायत अधिकारी) बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे पुष्कळ सरपंचांनाही ठाऊक नसतं!

बाळ झालेल्या मुलीसाठी १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी देण्याचा अर्ज. त्याला लागतं शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो. गाडं अडतं दाखल्यावर. हरवला असेल तर शाळेतून दुय्यम दाखला काढून सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. नाव शाळेच्या नोंदीतलंच लिहा, सासरचं नको. फॉर्म परीक्षेच्या कितीतरी आधी, साधारण पावसाळ्यातच सुटतात; दिवाळीनंतर धावपळ केली तर वर्ष गेलंच समजा.

अंगणवाडीची शाळा तीन वर्षांपासून. तोवर बाळाला आजीच सांभाळणार, म्हणून आधी सासूशी बोला, मग मुख्याध्यापकांशी.